तीस इंचाचा कदम

मी एकवीस वर्षं माणसांना चालायला शिकवलं. हे सांगितलं की लोक हसतात. नागपुरात महाल भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, तिथला मालक मला दर दोन दिवसांनी विचारतो, "काय गा उस्ताद, चालनं का कोनाले शिकवा लागते? लेकरू वर्षाचं झालं का आपल्या आपच चालते."

त्याचं खरं आहे. पण पाठीवर वीस किलोचा पिठ्ठू, हातात रायफल आणि पायात जड बूट घेऊन सोळा किलोमीटर ठरलेल्या वेळात जायचं म्हटलं, की सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं. पिठ्ठू म्हणजे जवानाच्या पाठीवरची मोठी पिशवी. आम्ही शिकवताना तिच्यात वाळूच्या थैल्या भरायचो आणि निघण्याआधी एकेक पिठ्ठू ताणकाट्याला टांगून वजन करायचो.

मी एका निमलष्करी दलात होतो. दलाचं नाव लिहीत नाही. नागपूरच्या बाहेर आमचं प्रशिक्षण केंद्र होतं, तिथं मी पी.टी.चा उस्ताद होतो. भरतीची पोरं यायची, नऊ-दहा महिन्यांनी जवान होऊन जायची. दौड, दोर, भिंत हे सगळं शिकवायला दुसरे उस्ताद होते. ओझं घेऊन चालणं हा माझा विषय.

त्यातलं मर्म थोडक्यात सांगतो. ओझं खांद्यानं न्यायचं नसतं, कमरेनं न्यायचं असतं. पिठ्ठूचा कमरपट्टा कमरेच्या हाडावर घट्ट बसला, की वजन पायांतून जमिनीत जातं आणि खांदे मोकळे राहतात. पट्टा खाली घसरला, की सगळा भार खांद्यांवर लटकतो, माणूस पुढं वाकतो, मान वर काढून कासवासारखा चालतो. पाऊल फार लांब टाकलं तर टाच आपटते, आणि प्रत्येक आपटणं वर खुब्यापर्यंत जातं. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. हजारो पाठी बघून कळलं. लांबून कुणाचा चेहरा दिसला नाही तरी चालीवरून मी नाव सांगायचो.

एका बॅचला एक जवान होता, अंगानं आडवा, तोंडानं गोड. एका मार्चला तो इतका ताठ चालत होता की जणू नवरदेव घोड्यावर बसायला निघालाय. हात झुलतायत, मान सरळ. मी त्याला थांबवलं आणि पिठ्ठू उघडायला लावला. वर एक वाळूची थैली आणि खाली गच्च मुरमुरे. वजन करून झाल्यावर त्यानं झाडामागं माल बदलला होता. मी विचारलं, "हे काय गा?" तर म्हणतो, "उस्ताद, रस्त्यात भूक लागते जी." ते मुरमुरे मी त्याच्या खर्चानं कांदा-मिरची आणवून सगळ्या प्लाटूनला खाऊ घातले आणि त्याला दुसऱ्या दिवशी एकट्याला तोच रस्ता पुन्हा चालवला. हा किस्सा मी इतक्या वेळा सांगितला आहे, की तो सांगताना माझी छाती आपोआप फुगते. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असा माझा लौकिक होता. मलाही ते पटलं होतं.

मग आमच्या केंद्रात मुलींची पहिली तुकडी आली.

त्या वेळी वरून तोंडी हुकूम असा होता, की मुलींना कसलीही सवलत द्यायची नाही. ओझं तेच, रस्ता तोच, वेळ तोच. पुरुषांच्या बरोबरीनं त्यांनी सगळं केलं पाहिजे. मला हा हुकूम मनापासून आवडला. इतर काही उस्ताद कुजबुजायचे, "या रडतीन." मी म्हणायचो, माझ्या हाताखाली कुणी रडत नाही.

बूट पुरुषांच्या सगळ्यात लहान मापाचे होते. मुली दोन-दोन मोजे घालायच्या. पिठ्ठूही पुरुषांच्या पाठीच्या लांबीचे. आखूड पाठीच्या मुलीला तो घातला, की कमरपट्टा कमरेच्या हाडावर न बसता खाली येऊन मांड्यांना घासायचा. मग त्या तो ढिला सोडायच्या आणि खांद्याच्या पट्ट्या ओढून घ्यायच्या. म्हणजे मी जे करू नका म्हणून सांगत होतो, तेच करायला पिठ्ठू त्यांना भाग पाडत होता. मला हे दिसत होतं. मी स्टोअरला दोनदा सांगितलं, त्यांनी दुसरे नाहीत म्हटलं, आणि मी गप्प बसलो.

पण पिठ्ठूवर सगळं ढकलून चालणार नाही. कदमाची हौस माझी होती.

परेडच्या मैदानावर कदम, म्हणजे एकेक पाऊल, तीस इंचाचा असतो. पोरांना सवय व्हावी म्हणून मी चुन्यानं जमिनीवर तीस-तीस इंचांवर रेघा मारायचो. लांब पल्ल्याच्या मार्चला मात्र कदम मिळवून चालायची सक्ती नसते, ज्यानं त्यानं आपल्या चालीनं जावं आणि वेळेत पोचावं. तरी मी ठरवलं की माझी ही प्लाटून, पुरुष आणि मुली मिळून, सोळा किलोमीटर एका कदमात चालेल. बॅच संपताना मोठे साहेब येणार होते. रस्त्याच्या वळणावरून चाळीस जण एकदम येताना दिसले पाहिजेत, सगळ्यांचा डावा पाय एकदम जमिनीला लागला पाहिजे, असं चित्र माझ्या डोक्यात बसलं होतं. पुढं मी सहा फुटी पोरं लावली आणि मुलींना मध्ये घातलं.

त्यात वनिता उईके होती. रामटेकजवळच्या एका खेड्यातली, पाच फुटांना थोडी कमी, वजन सत्तेचाळीस किलो. घरी धानाची शेती. लहानपणापासून रोपांच्या पेंढ्या आणि सरपणाच्या मोळ्या डोक्यावरून आणलेल्या, त्यामुळे ओझ्याची तिला भीती नव्हती. तिची स्वतःची एक चाल होती. आखूड, भराभर पावलं, पाठ सरळ. माझ्या कदमात चालायला लागली की ती चाल मोडायची. पाय जिथवर पोचत नाही तिथवर फेकायचा, त्यासाठी कंबर फिरवायची, धड पुढं झुकवायचं. चार पावलं झाली की मागं पडायची आणि टुणटुण धावून अंतर भरून काढायची. सगळ्याच बुटक्या मुलींचं असं व्हायचं. ते धावणं मला खुपायचं.

एकदा विश्रांतीला थांबलो तेव्हा ती माझ्यापुढं येऊन सावधानमध्ये उभी राहिली.

"उस्ताद, आमी आपल्या चालीनं चालू का? टाइमात पोचतो जी."

मी सगळ्यांदेखत म्हटलं, "तुह्या चालीनं चालाचं होतं त गावातच राहाचं होतं वं."

पोरं हसली. ती "जी उस्ताद" म्हणून रांगेत गेली.

त्यानंतर मी भाचीच्या लग्नासाठी तीन दिवस रजेवर गेलो. माझ्या जागी दुसऱ्या उस्तादानं मार्च नेला आणि त्याला कदमाची हौस नसल्यानं ज्याला जसं जमेल तसं चालू दिलं. मी परत आलो तेव्हा त्यानं सांगितलं, "अरे, तुझ्या पोरी तर वेळेच्या आधी पोचल्या. ती बुटकी सगळ्यांत पुढं." यावर खूश व्हायचं सोडून मी त्याच्यावरच चिडलो. माझी पंधरा दिवसांची मेहनत त्यानं पाण्यात घातली, असं म्हटलं.

केंद्राच्या दवाखान्यात बोरकर मॅडम होत्या, फिजिओथेरपिस्ट. नागपूरच्याच, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलायला स्पष्ट. मुली खुब्यात आणि जांघेत दुखतं म्हणून त्यांच्याकडे यायला लागल्या तेव्हा त्या एक दिवस आमच्या मार्चच्या रस्त्यावर, कालव्याच्या वाटेवर येऊन उभ्या राहिल्या आणि मोबाइलवर चित्रण करून गेल्या. संध्याकाळी मला बोलावून त्यांनी ते दाखवलं. आधी एक उंच मुलगा, मग वनिता.

"उस्ताद, आवाज बंद करून बघा," त्या म्हणाल्या. "या मुलाचं ओझं त्याच्या वजनाच्या पाव हिस्सा आहे. हिचं निम्म्याच्या जवळ जातंय. मुलगा आपल्या पायाच्या लांबीइतकं पाऊल टाकतोय. ही त्याच्या पायाच्या लांबीचं टाकतेय. तो ताण जातो कुठं? इथं." आणि त्यांनी स्वतःच्या खुब्यावर बोट ठेवलं. "एकदा-दोनदा काही होत नाही. रोज रोज झालं, की हाडाला बारीक चरा पडतो. आधी एक्स-रेमध्येही दिसत नाही. यांना कदमातून मोकळं करा. ओझं कमी करा असंही मी म्हणत नाही. फक्त यांच्या पावलानं चालू द्या."

मी म्हणालो, "मॅडम, लढाईत शत्रू उंची विचारत नाही."

हे माझं ठेवणीतलं वाक्य होतं. त्यावर सहसा कुणी बोलत नसे. मॅडम म्हणाल्या, "शत्रू कदमही मोजत नाही, उस्ताद." मी सलाम ठोकून बाहेर आलो. बाहेर आल्यावर मला वाटलं, दवाखान्यात बसणाऱ्यांना मैदानावरचं काय कळतं.

शेवटच्या मार्चला बारा-तेरा दिवस राहिले असताना वनिता माझ्याकडे आली. सोबत मैत्रीण होती.

"उस्ताद, पाय दुखून राहिला."

"कुठं? पोटरीत?"

"नाही जी. वरती."

"मांडीत?"

तिनं खाली पाहिलं. "वरती."

जागा कुठली ते मला कळलं, मला कळलं हे तिलाही कळलं, आणि दोघंही संकोचलो. आज वाटतं, तो संकोच मला सोयीचा होता.

"सगळ्यायचंच दुखते," मी म्हटलं. "दवाखान्यात नाव लिहिशीन त मागच्या बॅचमधी टाकतीन. पाहून घे. नाही त मलम लाव अन् चाल."

मागच्या बॅचमध्ये टाकणं म्हणजे सहा महिने पुन्हा तेच सगळं. गावाकडे लोकांना काय सांगायचं, हा प्रश्न वेगळाच. ती दवाखान्यात गेली नाही.

मार्चच्या दिवशी कोवळं ऊन होतं. डिसेंबर होता, कालव्यावर धुकं होतं. मी मागून चालत होतो, नेहमीसारखा. तेरा किलोमीटर झाले. मोठे साहेब शेवटच्या वळणावर खुर्ची टाकून बसले होते. प्लाटून कदमात होती.

वनिता पडली ती सरळ, गुडघे न वाकवता. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला नाही. तिच्या मागं चालणाऱ्या मुलीनं ऐकला, तिनं नंतर सांगितला. मला वाटलं पाय अडखळला. मी धावत गेलो आणि म्हटलं, "उठ वं वनिता. थोडंसंच राहिलं."

तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती म्हणाली, "उठते, उस्ताद."

रायफलीचा आधार घेऊन ती उठली. मी तिला चाल म्हटलं. ती चार पावलं चालली. चौथ्या पावलाला डावा पाय बाहेरच्या बाजूला फिरला, पायाला नको तसा, आणि मग मला कळलं.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. मांडीचं हाड खुब्याला जिथं जोडलेलं असतं तिथली मान तुटून सरकली होती. चरा काही आठवड्यांचा असावा, ते म्हणाले. पडल्यावर जागेवरच आडवं ठेवलं असतं तर कदाचित इतकं सरकलं नसतं. "हिला पडल्यावर कुणी चालवलं का?" त्यांनी विचारलं. मी दाखल करायचे कागद कुठं भरायचे ते विचारलं. त्यांनी स्क्रू घातले, पण हाडाच्या गोळ्याला रक्त पोचेना. तो आतल्या आत मरत गेला. पुढं दोनदा शस्त्रक्रिया झाली. डावा पाय आखूड झाला तो झालाच.

केंद्रात चौकशी बसली. कारकुनी करणाऱ्या मुन्शीनं माझं बयाण, म्हणजे जबाब, हिंदीत लिहून आणलं होतं. त्यात एक ओळ होती, 'रिक्रूट ने दर्द की कोई सूचना नहीं दी.' मुन्शी म्हणाला, "उस्तादजी, यहाँ दस्तखत." मी केली. चांगली, स्वच्छ सही केली.

त्या ओळीचा अर्थ मला पुरता माहीत होता. दुखणं लपवलं, म्हणजे दोष तिचा. मग ती सेवेत झालेली दुखापत धरली जाणार नव्हती. ती नुसतीच अपात्र ठरून, भरपाईशिवाय घरी जाणार होती.

ती पडल्यापासून अकराव्या दिवशी मी तिला बघायला गेलो. ती झोपेच्या औषधानं गुंगीत होती. खाटेजवळ खाली तिची आई बसली होती, हिरवं लुगडं, हातात संत्र्याच्या सालींची पिशवी. मी कोण ते सांगितल्यावर तिनं पदर सावरला आणि उठून उभी राहिली.

"तुमी मास्तर ना जी तिचे? चालाचे मास्तर?"

"हो, मावशी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"मंग तुमाले दिसलं नाही का जी, माही पोरगी कशी चालून राहिली होती थे?"

मी तिथून निघालो. दवाखान्याच्या जिन्यावर बसलो. दिसलं होतं. मार्चच्या आधी तीन दिवस दिसत होतं. डावा पाय टेकला की तिचं धड डावीकडे कलायचं, आणि ते लपवायला ती डावा खांदा मुद्दाम वर उचलायची. मुरमुऱ्यांचा पिठ्ठू ओळखणाऱ्या माणसाला हे दिसणार नाही का? दिसलं आणि मी मनाशी म्हटलं, तीन दिवस काढ पोरी, मग आराम कर.

तेव्हाच आणखी एक गोष्ट डोक्यात आली आणि ती अजून गेलेली नाही. त्या तुकडीतल्या दोघी वनिताच्या आधी घरी गेल्या होत्या. खुब्यात दुखतं म्हणत होत्या. मी त्यांच्या कागदावर 'इच्छाशक्ती कम' असा शेरा मारला होता.

दुसऱ्या दिवशी मी कमांडंट साहेबांसमोर उभा राहिलो आणि दुसरं बयाण द्यायचं आहे म्हटलं. वनितानं मला दुखण्याबद्दल सांगितलं होतं, मी तिला दवाखान्यात जाण्यापासून परावृत्त केलं, बोरकर मॅडमनी मला आधी सावध केलं होतं, आणि पडल्यावर मीच तिला चार पावलं चालवलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"डोंगरे, सोच लो. दो साल बाकी हैं आपके. और पहला बयान झूठा था, ये भी लिखना पड़ेगा."

"लिखिए, साहब."

"क्यों कर रहे हो? लड़की तो वैसे भी वापस नहीं आएगी."

मी म्हणालो, "उसकी माँ ने पूछा है, साहब."

पुढं बरेच महिने कागद फिरले. शेवटी वनिताची दुखापत सेवेत झालेली म्हणून नोंदली गेली. नोकरी गेली ती गेलीच. माझी बढती थांबली, मैदान काढून घेतलं आणि मला स्टोअरला बसवलं. जिथं मी दोनदा जाऊन आखूड पिठ्ठू मागितले होते, त्याच स्टोअरला. पुढच्या तुकडीच्या वेळी बोरकर मॅडमनी कदमाबद्दल लिहून दिलेलं टिपण साहेबांनी मान्य केलं. मुली आपल्या पावलानं चालू लागल्या, मार्चला सगळ्यात बुटक्या मुली पुढं राहू लागल्या आणि उंच पोरं त्यांच्या मागं पावलं आवरत जाऊ लागली. ओझं पूर्वीइतकंच होतं. त्या वेळेत पोचत होत्या. स्टोअरच्या खिडकीतून मला ते दिसायचं. कदम कुणाचा कुणाला मिळत नव्हता. माझ्या डोळ्यांना ते अजूनही गबाळं वाटायचं, हे कबूल करतो. सवय वाईट.

बोरकर मॅडम एकदा स्टोअरमध्ये आल्या. मी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "दुसरं बयाण दिलंत, बरं केलंत, उस्ताद." एवढंच बोलून गेल्या. पहिल्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

निवृत्त झाल्यावर वर्षभर मी वनिताकडे जायचं टाळलं. मग यंदा दसऱ्यानंतर गेलो. रामटेकला उतरून पुढं ऑटोनं. धानाच्या लोंब्या भरल्या होत्या. ती अंगणात पाटीवरून पोरांना गणितं शिकवत होती, शिकवणी घेते. मला पाहून उठायला लागली.

"बस, बस," मी म्हटलं.

"बसून राहिलं का दुखते," ती म्हणाली आणि उठली. एका पायातल्या चपलेला जाड तळ होता.

तिच्या आईनं चहा दिला. गावच्या, पावसाच्या गोष्टी झाल्या. मी माफी मागायचं ठरवून गेलो होतो. शब्दही जुळवले होते. मागितली. ती ऐकत राहिली, मधूनमधून मान हलवत, जसं दुसऱ्या कुणाबद्दलचं ऐकावं. शेवटी म्हणाली, "कागद दिला तुमी, थे समजलं मले." माफ केलं म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही.

तेवढ्यात तिची धाकटी बहीण आली, सायकलवरून. एकोणीस वर्षांची, तिच्याहून थोडी उंच. पोलीस भरतीची तयारी करते आहे, आई म्हणाली. मला एकदम बरं वाटलं. काहीतरी करता येईल असं वाटलं. मी म्हटलं, "मी येत जाईन दर रविवारी. हिला सगळं नीट शिकवतो. पहिल्यापासून. कुठं काय चुकते ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही."

बहिणीनं आनंदानं वनिताकडे पाहिलं.

वनितानं माझा कप उचलला, बशी त्याच्याखाली ठेवली. आवाज चढला नव्हता.

"नाही, उस्ताद. तुमी नका शिकवू तिले."

"काहून वं?"

"तुमचं आयकाची सवय लागते," ती म्हणाली, आणि कपबशी घेऊन आत गेली.